शेरा निरंक

ओली फडकी वाळत घालायला तिनं हात वर केला आणि बोटाला काहीतरी टोचलं. मंगळवार होता, सकाळचे साडेसात वाजले होते, आणि जलशुद्धीकरण केंद्राच्या मागच्या अंगाला, जिथं ऊन कधी फिरकत नाही त्या भिंतीपाशी ती उभी होती. एरवी ती इकडे येत नसे. पुढच्या कठड्याला आदल्या दिवशी रंग दिला होता, म्हणून फडकी घेऊन तीन पायऱ्या उतरून इथवर आली, एवढंच. टोचला तो खिळा. गंजून काळा पडलेला, डोळ्यांच्या उंचीवर, डोकं किंचित वर वाकवलेला. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा उठला. तिनं सवयीनं बोट तोंडात घातलं आणि ते तोंडात असतानाच तिला आठवलं, अगं बाई, हा तर थर्मामीटरचा खिळा. खांद्यावरची फडकी घसरून पायांशी पडली. पंपांची घरघर गेल्या एकतीस वर्षांत तिला ऐकू येईनाशीच झाली होती, ती एकदम कानात शिरली. ती तशीच उभी राहिली, त्रेपन्न वर्षांची बाई, बोट तोंडात घालून.

केंद्रावर तिला सगळे वहीबाई म्हणत. नाव ठेवायला म्हणून ठेवलेलं, पण तिनं ते अंगाला लावून घेतलं होतं. रोज सकाळी आठला आणि दुपारी दोनला ती वही उघडायची आणि रकाने भरायची. टाकीची पातळी, पाण्याचा गढूळपणा, तुरटी किती पडली, कुठली मोटर किती तास चालली, हवेचं तापमान. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात ती लिहायची, निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. वर्ष संपलं की वही कपाटात जायची आणि नवी वही निघायची. हवेचं तापमान कुणाला हवं होतं कोण जाणे. छापील वहीत रकाना होता म्हणून ती भरत होती, आणि भरायचाच तर नीट भरायचा हा तिचा स्वभाव. पाऱ्याच्या रेषेसमोर डोळे आणून, श्वास रोखून ती आकडा वाचायची, कारण श्वासानं पारा चढतो असं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकतीस वर्षांत एकही साहेब त्या रकान्यावर थांबला नाही. सह्या करायचे आणि जायचे.

मग तीन वर्षांपूर्वी तिच्या लेकीनं फोनवरून तिचा फॉर्म भरून टाकला. पर्यावरणशास्त्राची पदवी, घरबसल्या, ऑनलाइन. तिला विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, तुला बारावीनंतर शिकायचं होतं ना, मग शीक आता. ती म्हणाली, या वयात मला काय कळणार हवामानबदल, माझं डोकं आता तुरटीच्या खड्यासारखं झालंय. पण पहिला तास ऐकला आणि तिचा जीवच लागला. तुरटीच्या पोत्याला टेकवून ती फोन उभा करायची, कानात वायरी घालायची आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ऐकत बसायची. सर बोलता बोलता हात हलवायचे आणि हात चौकटीच्या बाहेर जायचा. तो हात बाहेर काय दाखवत असेल याचंच तिला कुतूहल. समजलं नाही की थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. शाळेत अशी सोय असती तर मी कुठल्या कुठे गेले असते, असं ती नवऱ्याला म्हणायची. जमिनीतला कोळसा म्हणजे कधीकाळी झाडांनी पिऊन ठेवलेलं ऊन, हे कळलं त्या दिवशी ती घरी चालत गेली, बसनं नाही. इतकं मोठं काहीतरी पोटात घेऊन बसमध्ये बसणं तिला जमेना. समुद्र उष्णता साठवतो, बर्फ ऊन परतवून लावतो, आपण श्वास सोडतो तो झाड ओढून घेतं. जगात एवढी ये-जा चालली आहे आणि आपण पन्नास वर्षं नुसते बसथांब्यावर उभे होतो, असं तिला वाटलं. विषय तसा चिंतेचा, सर सांगत ते ऐकून रडू यावं असं, आणि हिला मात्र आनंदानं झोप लागत नसे. त्याची तिला थोडी लाजही वाटायची.

वर्गातली पोरंपोरी तिला काकू म्हणत. शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. आपापल्या भागातलं हवामान कसं बदललं ते दाखवा. पोरांनी कुठून कुठून आकडे उतरवले. हिनं कपाट उघडलं आणि एकतीस वह्या खाली काढल्या. दोन महिने ती आणि नवरा बसून आकडे कॉम्प्युटरवर चढवत होते, तो वाचायचा आणि ती टाकायची. मार्गदर्शक मॅडमना तिनं आलेख पाठवला, तेव्हा त्यांचा फोनच आला. पडद्यावरच्या मॅडम, पण फोनवर त्यांचा आवाज पोरीसारखा वाटला. त्या म्हणाल्या की हा खजिना आहे, एका माणसानं, एका हातानं, एका जागी एकतीस वर्षं घेतलेल्या नोंदी कुठे सापडतात. पहिल्या नऊ वर्षांची सरासरी आणि शेवटच्या नऊ वर्षांची सरासरी यांत एक पूर्णांक नऊ अंशांचा फरक निघाला होता. येत्या शनिवारी तिनं ते सगळ्या वर्गासमोर मांडायचं ठरलं होतं. ते पार पडलं की गुण, गुणांनंतर पदवी, आणि पदवीदानाच्या दिवसासाठी लेकीनं रजा टाकून तिकीटही काढून ठेवलं होतं. नवऱ्यानं हिच्यासाठी निळ्या कापडाचा कोट शिवायला घेतला होता. म्हणाला, डिग्रीवाली बाई आहेस, आता बिनकोटाची कशी जाशील.

एका जागी, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणि ही इथं खिळ्यासमोर उभी.

खिळा दादांनी ठोकला होता. दादा म्हणजे तिच्या आधीचे ऑपरेटर, तिला सगळं काम शिकवलेला माणूस. ती नवी लागली तेव्हाची गोष्ट. वरून नवं थर्मामीटर आलं, आणि ते कुठं लावायचं हे ठरवायला या गृहस्थानं अख्खा दिवस घातला. थर्मामीटर हातात धरून इमारतीला प्रदक्षिणा घालत होते आणि ही बावीस वर्षांची पोर वही घेऊन मागे. इथं दुपारचं ऊन येतं, इथं पत्रा तापतो, इथं सिमेंटची झळ मारते. शेवटी या मागच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, हिला उन्हाची ओळख नाही, हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. तिला तेव्हा हसू आलं होतं. एवढ्याशा काचेच्या नळीचे केवढे लाड. नऊ वर्षं ती रोज दोनदा त्या तीन पायऱ्या उतरली. मग दादा निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात पायऱ्यांवर शेवाळ आलं होतं. एकदा पाय घसरला, कठडा सापडला म्हणून निभावलं. ती घामाघूम होऊन कठड्याला धरून उभी राहिली, पोटावर हात, आणि त्या पोटात लेकीनं एक सणसणीत लाथ मारली. बस्स. तिनं थर्मामीटर काढलं, वर आणलं आणि आपल्या टेबलाजवळच्या खिडकीबाहेर, पंपघराच्या भिंतीवर, नवा खिळा ठोकून लावून टाकलं. तिथंही सावली होतीच. खुर्चीतून उठायचं, दोन पावलं, वाचलं. बाळंतपणाहून परत आली तेव्हा ते तिथंच होतं आणि पुढे बावीस वर्षं तिथंच राहिलं. आपण काही हलवलं होतं हेसुद्धा ती साफ विसरून गेली.

फडकी तशीच टाकून ती वर आली आणि खिडकीबाहेरच्या त्या भिंतीला तिनं हात लावला. भिंत कोमट होती. असणारच. आत दोन नंबरची मोटर. ही ऊब तिला काय आज कळली? बावीस हिवाळे ती याच भिंतीला पाठ लावून चहा पीत आली होती. नव्या लागलेल्या बायकांना तिनं स्वतः सांगितलं होतं, थंडी वाजली की इथं उभ्या राहा गं, हीटर आहे फुकटचा. आणि त्या फुकटच्या हीटरवर, तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, थर्मामीटर लटकत होतं. रोज श्वास रोखून आकडा वाचणारी, पाऱ्याला आपला उच्छ्वास लागू न देणारी बाई. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मग तिनं कपाटातून त्या वर्षीची वही काढली. गरोदरपणातलं तिचं अक्षर, जरा मोठं, दमलेलं. थर्मामीटर हलवलं तो नेमका दिवस तिला आकड्यांवरून सापडला. सकाळचा पारा आदल्या दिवसापेक्षा सव्वा अंशानं वर, आणि मग तो खाली आलाच नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिच्याच हातचं लिहिलेलं होतं. निरंक.

दोनची नोंद घेऊन झाली आणि ती पक्कड घेऊन पुन्हा खाली गेली. कुणाला टोचू नये म्हणून काढून टाकावा, असं ती स्वतःला सांगत होती. कुणाला म्हणजे कुणाला, तिथं मांजरसुद्धा जात नाही. पण मनाला काहीतरी सांगावं लागतं. खिळा गेला की उरतं काय? भिंतीत एक भोक. दादा गेले, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. वहीत निरंक. जगात एकाही माणसाला कळणार नाही, आणि नाहीतरी जग तापतंच आहे की, सर काय खोटं सांगतात का? हिचा आलेख चुकीच्या वाटेनं का होईना, खऱ्या गावालाच जातो. शनिवारी सगळे वाहवा करतील. पक्कड खिळ्याला लागली. गंज निघाला, खिळा हलला नाही. दादांनी ठोकलेला होता तो. तिनं जोर लावला आणि मध्येच हात सैल सोडला. जोर कमी पडला असं नव्हे. तिला त्या माणसाचा तो अख्खा दिवस आठवला, एका नळीसाठी घातलेला. आपण तीन वर्षं जे शिकलो, ज्याच्या आनंदानं बस सोडून चालत घरी गेलो, ते शेवटी हेच ना, की मोजणाऱ्यानं आपल्या सोयीचं मोजायचं नाही. पक्कड खिशात टाकून ती वर आली.

घरी नवरा मशीनवर बसला होता. त्याचं शिवणकाम आणि तिचा अभ्यास एकाच खोलीत चालायचा. त्याच्या मशीनची खडखड थांबली की तिला धडा समजेनासा व्हायचा, इतकी सवय. तिनं त्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता तिनं खुर्ची वळवून घेतली, कारण निळा कोट समोर टांगलेला होता, एका बाहीचा. त्यानं ऐकून घेतलं. मग सुया खोवलेली उशी बाजूला सारत त्यानं एक गोष्ट काढली. लग्नाआधीची, त्याच्या दुकानातली. एका वर्षी त्याची मापाची टेप ओढून ओढून ताणली गेली होती. पण पत्ता लागला नाही. नवं गिऱ्हाईक आलं, त्याच टेपेनं माप घेतलं, त्याच टेपेनं कापड कापलं, शर्ट अंगात बरोबर. घोटाळा झाला तो जुन्या गिऱ्हाइकांचा. त्यांची मापं वहीत होती, टेप नवी असतानाची. ती मापं घेऊन ताणलेल्या टेपेनं कापलं आणि शर्ट ढगळ. एक मास्तर तर वर्गात पोरं हसतात म्हणून भांडायलाच आले.

"मग तू काय केलंस?" तिनं विचारलं.

"काय करणार? बाजारातून नवी टेप आणली आणि जुनीच्या शेजारी टेबलावर पसरली. पन्नास इंचांत पाऊण इंच खात होती. तेवढा हिशेब धरला आणि त्या वर्षीची सगळी मापं सरळ करून टाकली. वही कशाला फाडायची? वहीत माणसं असतात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं हवामानशास्त्राचा एक शब्द वाचला नव्हता. ती उठली आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि मग तिला हसू फुटलं, असं की मशीनच्या टेबलाला धरून बसावं लागलं. तोही हसायला लागला, का ते नीटसं न कळता. दोन टेपा शेजारी शेजारी. एवढंच तर करायचं होतं.

बुधवारी सकाळी तिनं प्रयोगशाळेच्या खोक्यातलं दुसरं थर्मामीटर काढलं. आधी दोन्ही एका बादलीत बुडवून एकच आकडा दाखवतात याची खात्री केली. मग नवं दादांच्या खिळ्यावर अडकवलं आणि मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं. पण कागद राहिला बाजूला, आणि शेवाळ, आठवा महिना, लाथ, कोमट भिंत, चहा, सगळं एका दमात बाहेर पडलं. पक्कडसुद्धा तिनं लपवली नाही. आता त्या म्हणतील की वर्ष गेलं, वह्या गेल्या, काकू तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

"खिळा आहे का अजून?" मॅडमनी विचारलं.

"आहे. थर्मामीटर लावलंय त्याला. आत्ता साडेआठला सव्वा अंशाचा फरक आहे."

मॅडमनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. मग त्या पोरीसारख्या आवाजात भराभरा बोलायला लागल्या. त्यांनी काही लपवलं नाही. प्रकल्प आहे तसा उत्तीर्ण होणार नाही. थंडीतला फरक वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा, सगळे ऋतू दोन्ही जागी मोजावे लागतील, म्हणजे एक वर्ष जादा. पदवी या वेळी नाही, पुढच्या वेळी. तयारी आहे का? आणि तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की वर्ष गेलं हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. शनिवारी मात्र तुम्हीच बोलायचं, मॅडम म्हणाल्या, आणि हेच बोलायचं. त्या शनिवारी तिनं वर्गासमोर आपला सुंदर आलेख दाखवला आणि मग तो कसा चुकला ते सांगितलं. शेवटी एकीनं विचारलं, काकू, तुम्हाला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, वाटलं की, मंगळवारी दिवसभर वाटलं. त्यावर सगळा पडदा हसला, छोट्या छोट्या चौकटींतले तीस-चाळीस चेहरे एकदम, आणि शाळा सुटल्यापासून आपल्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदाच हसताहेत हे तिच्या लक्षात आलं.

लेकीला सांगणं सगळ्यांत अवघड होतं, तिकीट काढलेलं होतं म्हणून. लेक आधी चिडली, एक वर्ष म्हणजे काय गं आई, असं म्हणाली. मग लाथेचा भाग आला तेव्हा थांबली. म्हणजे माझ्यामुळे झालं हे सगळं? हो तर, ती म्हणाली, तू जन्माला यायच्या आधीच गावाचं हवामान सव्वा अंशानं बिघडवून ठेवलंस, असा तुझा पायगुण. लेक तिकडे इतकी हसली की तिच्याबरोबरच्या मुली विचारायला आल्या. तिकीट तिनं रद्द केलं नाहीच. पदवी नसताना आली आणि आल्या आल्या तिला तो खिळा बघायचा होता. पायऱ्या उतरून गेली, दोन्ही तळवे भिंतीला लावून उभी राहिली आणि म्हणाली, खरंच गं, गार आहे.

ते वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं वर्ष होतं, असं ती पुढे म्हणायची. रोज दोनदा वरचं थर्मामीटर आणि खालचं थर्मामीटर. पायऱ्यांवरचं शेवाळ तिनं खरवडून काढलं, कठड्याला दोरी बांधली. गुडघे कुरकुरायचे, ते एक सोडा. पहिल्यांदा तिला माहीत होतं की आपण आकडा कशासाठी वाचतो आहोत. आणि वही, जिला ती ओझं उचलावं तशी उचलत आली होती, ती आता बोलायला लागली. पहिल्या प्रकल्पात तिनं दोन पानं भरून लिहिलं होतं की अमुक साली पानगळीच्या दिवसांत अकरा दिवसांची थंडीची लाट आली होती, आणि मॅडमनी समासात कौतुकानं खूण केली होती. आता तिनं त्याच पानावर मोटरच्या तासांचा रकाना पाहिला. दोन नंबर, शून्य तास. अकरा दिवस. बेअरिंग गेलं होतं, मोटर दुरुस्तीला पाठवली होती, भिंत गार पडली होती. काकूंची थंडीची लाट म्हणजे मोटरचं बेअरिंग. टेबलावर एकटीच बसून ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिनं बावीस वर्षांचे मोटरचे तास काढले आणि भिंत कुठल्या दिवशी किती तापली असेल ते शोधत गेली. ज्या रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटत होतं ते एकमेकांची साक्ष द्यायला लागले. सगळं वहीतच होतं. तिनंच लिहून ठेवलेलं.

वर्ष भरलं तसा तिच्या मनात एक वेडा विचार घर करून बसला. सगळीच वाढ भिंतीची निघावी. एक पूर्णांक नऊ, सगळेच्या सगळे दोन नंबरच्या मोटरचे. आलेखाची रेघ आडवी पडावी, पाटीवर पडते तशी, आणि आपण मॅडमना सांगावं की आमच्याकडे काही झालेलं नाही, माझीच चूक होती. चूक ठरायला एवढी उत्सुक विद्यार्थिनी कुठल्याच सरांना मिळाली नसेल. शेवटचा हिशेब तिनं रविवारी दुपारी केला, नवरा शेजारी बसला होता. भिंतीचे एक पूर्णांक दोन गेले. रेघ खाली आली, खूप खाली आली, आणि थांबली. शून्य पूर्णांक सात उरले. तिनं पुन्हा वजाबाकी केली. सातच. ती बराच वेळ त्या सातकडे बघत बसली. हे मोटरचं नव्हतं, चहाचं नव्हतं, लेकीच्या लाथेचं नव्हतं. हे खरं होतं. तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि त्याच क्षणी तिचा हात नवऱ्याच्या हातावर घट्ट पडला, कारण हा आकडा आता कुणी कितीही हलवला तरी हलणार नव्हता. दादांच्या खिळ्यासारखा. जगाला तो लहान वाटेल. तिनं तो एकतीस अधिक एक वर्षं घालून मिळवला होता.

सोमवारी ती निळा कोट घालूनच कामावर गेली, दोन्ही बाह्यांचा. पदवीचं कळवायचं पत्र यायला अजून वेळ होता, पण तिला धीर नव्हता. आठ वाजता तिनं खिडकीबाहेरचं थर्मामीटर काढून आत ठेवलं, तीन पायऱ्या उतरून खालच्या खिळ्यासमोर उभी राहिली, श्वास रोखला आणि वाचलं. वर येऊन रकाने भरले, पातळी, गढूळपणा, तुरटी, मोटरचे तास, तापमान. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. हात सवयीनं ‘निरंक’चा ‘नि’ काढायला निघाला होता, तिनं तो आवरला. मग बारीक, स्वच्छ अक्षरात तिनं लिहिलं: आजपासून थर्मामीटर मूळ खिळ्यावर. तेवीस वर्षांपूर्वी हलवले होते, ते लिहायचे राहिले. खाली सही केली, तारीख घातली. नंतर चहाचा पेला घेऊन ती बाहेर आली आणि नेहमीप्रमाणे त्या कोमट भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आता तिथं नुसता खिळा होता, आणि भिंत हवी तेवढी तापायला मोकळी होती.